डिशला उंची नको, पाया हवा

पावसाळा तोंडावर आला की आपण कौले चाळतो, पन्हळी साफ करतो, सरपण आत घेतो. छपरावरच्या डिशकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. ती आठवते वारा सुटल्यावर आणि टीव्ही बंद पडल्यावर. मग घरातला कर्ता पुरुष नाही तर थोरला मुलगा भर पावसात वर चढतो आणि खालून सगळे ओरडतात, "आली, आली... गेली!" हे दृश्य कुठल्याही वस्तीत दिसते. पण त्यात हसण्यासारखे काही नाही. आमच्या बौद्धवाडीतला एक कमावता मुलगा असाच ओल्या पत्र्यावरून घसरला. पाय मोडला, तीन महिने मजुरी बुडाली. म्हणून माझ्या भगिनींसाठी हे चार शब्द.

आम्ही रायगड जिल्ह्यातल्या म्हसळा तालुक्यात राहतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. आमचे पत्रे उडाले. डिश शेजारच्या परसात सापडली. ती बसवून देणाऱ्याने उंच जागा म्हणून अर्ध्या विटेच्या कठड्यावर ठोकली होती; जाताना ती कठड्याच्या चार विटाही घेऊन गेली. तेव्हा टीव्हीची कुणाला पडली होती? आधी छप्पर, मग भिजलेले धान्य. वीज यायलाच कितीतरी दिवस लागले.

पण शाळा बंद होत्या. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका सुरू झाली. आमची मुलगी तेव्हा चौथीत, मुलगा सातवीत. घरात मोठा फोन एकच, तोही मिस्टरांबरोबर कामावर जाणार. मुलांच्या अभ्यासाला आधार उरला तो टीव्हीचा. डिश ही चैन राहिली नाही, ती मुलांची शाळा झाली. ती पुन्हा उभी करायची आणि अशी करायची, की वाऱ्याने हलता कामा नये, असे आम्ही ठरवले.

माझे मिस्टर फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डर आहेत. त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती मला पटली. पूर्वीचा अँटेना उंच लागायचा, कारण त्याला दूरच्या टॉवरकडे पाहायचे असे. डिश पाहते आकाशाकडे. तिचा उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर वर आहे. आपण दहा फूट वर गेलो काय आणि खाली राहिलो काय, त्याला फरक पडत नाही. दूरदर्शनच्या फ्री डिशसाठी आपल्याकडे आग्नेय दिशेचे आकाश मोकळे हवे, झाडाची फांदी मध्ये नको, एवढेच पुरे. उलट जितके उंच जावे तितका वारा जास्त.

म्हणून आम्ही डिश न्हाणीघराच्या छोट्या स्लॅबवर आणली. शिडी लावली की हात पोचतो. स्लॅबला भोके पाडून चार अँकर बोल्टने पाया घट्ट आवळला. पाइप आखूड घेतला आणि ओळंबा लावून सरळ उभा केला. पाइप कलता असेल तर डिश फिरवताना तिचा कोनही बिघडतो आणि चित्र सापडता सापडत नाही. प्रत्येक नटाखाली स्प्रिंग वॉशर घातले, कारण वाऱ्याच्या थरथरीने साधा नट हळूहळू सुटतो. ज्यांच्या घराला स्लॅब नाही त्यांनी भक्कम भिंतीला ब्रॅकेट मारावे. नुसत्या पत्र्यावर डिश ठोकू नये. पत्रा थरथरला की डिश थरथरते. सिमेंटच्या पत्र्यावर दगड रचणे तर धोक्याचेच.

वाऱ्याचा हिशेबही समजून घ्यावा. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. दोन फुटी डिशवर शंभरच्या वेगाचा वारा समोरून आला, तर पंधरा-वीस किलोचा रेटा बसतो. आणि तबकडीची कड बोटाच्या रुंदीएवढी सरकली तरी चित्र जाते. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. डिशचे तोंड आग्नेयेला, म्हणजे हा वारा तिला बगलेतून आणि मागून झोडतो. म्हणून क्लँपच्या थोडे खाली पाइपाला तीन बाजूंनी जी.आय. तारेचे ताण दिले, त्यातला एक मुद्दाम वाऱ्याच्या बाजूला. तिन्ही ताण सारखे हवेत. एकच जास्त ओढला तर पाइप वाकतो. तार तबकडीच्या तोंडासमोरून नेऊ नये.

एक युक्ती माझी. चित्र स्वच्छ आले, नट आवळून झाले, की पाइप आणि क्लँप यांच्यावरून मिळून एक रेघ लाल नेलपॉलिशने ओढून ठेवली. डिश फिरली तर रेघ तुटलेली दिसते. दोन्ही तुकडे जुळवले की डिश जागच्या जागी. "आली का, गेली का" ओरडायची गरजच नाही.

आणखी एक ओळखून ठेवा. जोराच्या सरीत चित्र फुटते आणि सर ओसरली की आपोआप परत येते, तर डिशला काही झालेले नाही. पाणी संदेश अडवते. तेव्हा वर चढून ती हलवाल तर चांगली बसलेली डिश बिघडवाल. पाऊस, वारा दोन्ही थांबले तरी चित्र नाही, तर मात्र आधी वायर आणि मग रेघ पाहावी. तीही दुसऱ्या दिवशी, पत्रा आणि शिडी वाळल्यावर. विजेच्या तारा जवळून जात असतील तर माहीतगार माणसालाच बोलवावे.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाचा इशारा आला. आदल्या दिवशी टीव्हीची वायर काढली, पाइपावरच्या क्लँपचे नट ढिले केले आणि डिश उचलून घरात आणली. वरखाली कोनाचे नट मात्र सोडले नाहीत. वादळ गेल्यावर रेघेला रेघ लावली, चित्र आले.

आता दरवर्षी मे महिन्यात पाना घेऊन नट तपासण्याचे काम मुलीकडे आहे. गंज दिसला तर घासून ऑइलपेंटचा हात देते. जेमतेम अर्ध्या तासाचे काम आहे. तुमच्या घरीही ते पावसाआधी उरकून घ्या आणि शिडी धरायला सोबत एक माणूस जरूर ठेवा.