खानावळवालीचा हिशेब

माझ्या आजीची लालबागच्या चाळीत खानावळ होती. बायकापोरांना गावी ठेवून कोकणातून, घाटावरून आलेले गिरणीकामगार तिच्याकडे जेवायचे. पहिल्या पाळीवाल्याला पहाटेच डबा लागे, रातपाळीवाला सकाळी पानावर येऊन बसे. पैसे मिळत पगाराच्या दिवशी. तोवर तांदूळ-तेल वाण्याकडून उधार आणि अडीनडीला सावकाराचं व्याज. तरी कुणी विचारलं, की ती म्हणायची, "मी काही करत नाही, घरीच असते."

गिरणगावातल्या कितीतरी बायका अशाच 'घरी' होत्या. एकेकाळी गिरण्यांच्या वाइंडिंग-रीलिंग खात्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. पुढे त्या कमी होत गेल्या. पण गिरणीचं काम त्यांच्यावाचून चाललं नाही. एकट्या राहणाऱ्या कामगाराला तुटपुंज्या पगारात मुंबईत तगता आलं, कारण कुणीतरी त्याला स्वस्तात आणि उधारीवर जेवू घालत होतं. त्या उधारीचा भार मालकाने उचलला नाही, खानावळवालीने उचलला. मुंबईच्या भरभराटीचा इतिहास वाचताना मला हे सारखं आठवतं.

गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच बायकांसाठी. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं होतं, पण खानावळवालीकडे तारण ठेवायला काय असणार? मंडळाने त्यांचे गट केले, त्यांना एकमेकींची हमी घ्यायला लावली आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सावकाराचा फास सैल झाला. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की बँकेच्या कागदावर बाईचं नाव आलं आणि नावापुढे तिचा धंदा लिहिला गेला.

आज देशाच्या विकासदरासाठी बायकांनी कामात उतरावं, असं सगळेच सांगतात. सरकारी पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. वाढ मोठी आहे, पण मला तिचा निखळ आनंद होत नाही. त्यातला बराच वाटा खेड्यातल्या स्वयंरोजगाराचा आहे, आणि घरच्या शेतात, दुकानात, गोठ्यात विनामोबदला राबणारीही या आकड्यात मोजली जाते. तिची गणती झाली हे चांगलंच, पण हातात पैसा आला का? शिवाय घरचं काम आहेच. २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. स्वतःच्या घरासाठी केलेला हा स्वयंपाक, हे धुणं-पुसणं राष्ट्रीय उत्पन्नात धरलंच जात नाही. पाच तास असे गेल्यावर नोकरीला उरतं काय? जवळ पाळणाघर, रात्री सुरक्षित परतता येईल अशी बस आणि स्वतःच्या खात्यात जमा होणारी मजुरी, एवढं दिल्याशिवाय बायकांना कामाला बोलावणं म्हणजे जुनीच उधारी पुढे चालवणं आहे.

२०२७ च्या जनगणनेत प्रगणक दारी येईल. घरातली बाई डबे करत असेल, शिवत असेल, म्हशींचं दूध काढून डेअरीला घालत असेल, तर तसं सांगा. "ती काही करत नाही" असं लिहू देऊ नका.