डबा रिकामा परत करायचा नसतो

शेजारून आलेला एखादा डबा आत्ता तुमच्या ओट्यावर पडून आहे का? असेल तर 'तो रिकामा परत करायचा नसतो' हे तुमच्या आईनेही तुम्हाला बजावलं असेलच. वसईतल्या आमच्या मजल्यावर तर याच एका नियमामुळे दिवाळी आणि नाताळ वर्षानुवर्षं एकाच स्टीलच्या डब्यातून ये-जा करत आले आहेत.

समोरच्या घरात राहणाऱ्या आंटी ख्रिस्ती आहेत. बंगळुरूतल्या माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणींना नवल वाटतं, पण वसईतले कितीतरी ख्रिस्ती घरात मराठीच बोलतात, चर्चमध्ये मिस्साही मराठीतून होते. 'नाताळ' हा शब्द तेवढा पोर्तुगीजांकडून आलेला. १५३४ ते १७३९ अशी दोनशेहून अधिक वर्षं वसई त्यांच्या ताब्यात होती.

दिवाळीला आमचा डबा समोर जायचा. चकली, चिवडा, शेव, लाडू, करंज्या. डिसेंबरमध्ये तोच डबा केक, दोदोल, कुलकुल आणि नेवऱ्यांनी भरून परत यायचा. नेवरी म्हणजे आपली करंजीच. लहानपणी मला वाटायचं, आमच्याच करंज्या दोन महिन्यांनी नाव बदलून घरी येतात!

तीन वर्षांपूर्वी गणपतीनंतर माझी आजी गेली. त्या दिवाळीत घरात तळण नव्हतं, दारात कंदील नव्हता. तुम्ही असं वर्ष काढलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, सगळ्या इमारतीत भाजणीचा वास येत असतो आणि आपलं स्वयंपाकघर गप्प असतं. नरकचतुर्दशीच्या सकाळी बेल वाजली. दारात आंटी उभ्या होत्या, हातात डबा. करंज्या सुरेख जमल्या होत्या, त्यात त्यांचा हात बसलेलाच. चकल्या मात्र सगळ्या तुटलेल्या होत्या.

"पहिल्यांदाच केल्या गं," त्या आईला म्हणाल्या. "तुकडे झाले, पण चव बघ."

आजी गेल्यापासून आई आमच्यासमोर रडली नव्हती. त्या दिवशी चकलीचा तुकडा हातात धरून ती रडली.

मागच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अंकल गेले. डिसेंबर आला तरी समोरच्या दारावर चांदणी लागली नाही. त्यांच्याकडेही तीच रीत, दुःखाच्या वर्षी घरात गोडधोड करायचं नाही. फोनवर आई विचारत होती, "अशा घरी आपण गोड न्यावं का? त्यांना बरं वाटेल ना?" मी फक्त एवढंच म्हटलं, "चकल्या आठवतात ना?"

रजा टाकून मी २३ डिसेंबरला घरी पोहोचले. आम्ही दोघींनी कुलकुल करायला घेतले. कृती दिसते तितकी सोपी नाही हं! मैद्यात थोडा रवा, चिमूटभर मीठ आणि गरम तुपाचं मोहन घालून नारळाच्या दुधात घट्ट पीठ मळायचं. अर्धा तास झाकून ठेवायचं. मग छोटी गोळी काट्याच्या मागच्या बाजूवर दाबून चपटी करायची आणि अलगद वळून शिंपल्यासारखा आकार द्यायचा. मंद आचेवर तळून साखरेच्या पाकात घोळवायचे. आमचे निम्मे कुलकुल कढईत उलगडले. रात्री अकरापर्यंत मी वळत होते आणि आई तळत होती.

२४ तारखेच्या संध्याकाळी डबा घेऊन मी समोर गेले. बाहेरच्या खोलीत अंकलच्या फोटोसमोर मेणबत्ती जळत होती. आंटींनी झाकण उघडलं, एक कुलकुल उचलला, उलटसुलट करून पाहिला.

"काट्यावर जोरात दाबलंस. हलक्या हाताने दाबायचं."

मग त्यांनी तो खाल्ला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "यंदा या घरात नाताळ येणार नाही असं वाटलं होतं."

सणाला आपण सगळेच डबे पाठवतो. बऱ्याचदा ती सवय असते, कधीकधी तर स्पर्धाही असते. 'त्यांनी पाच पदार्थ दिले, आपण सहा देऊ.' पण ज्या घरात यंदा कढई चढलेली नाही, त्या घरी गेलेला डबा वेगळा असतो. त्यातले पदार्थ तुटलेले, उलगडलेले असले तरी चालतात. तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेल, तर 'न्यावं की नाही' या विचारात सण जाऊ देऊ नका. बेल वाजवा. फार बोलावंही लागत नाही.

मी निघाले तेव्हा आंटींनी मला थांबवलं. घरात गोड काहीच नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी डबा धुतला, पुसला आणि माहेरच्या वाडीतून आलेली चार केळी त्यात ठेवून माझ्या हातात दिला.