तक्रार नाही जी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. नात जर्मनीहून सुट्टीवर आली होती, तीही ऐन रोवणीत. तिकडे ती फिजिओथेरपिस्ट आहे. कामामुळे अंग दुखतं का, हे विचारणारी एक जर्मन प्रश्नावली तिने माझ्यापुढे ठेवली. "आजी, याचं मराठी करू या ना. इथल्या बायकांना विचारून बघते."

ही प्रश्नावली मूळची नॉर्डिक देशांतली. कुओरिंका आणि सहकाऱ्यांनी ती १९८७ साली 'अप्लाइड अर्गोनॉमिक्स' या नियतकालिकात मांडली. पाठमोऱ्या माणसाचं चित्र आणि त्यावर मानेपासून घोट्यापर्यंत शरीराचे नऊ भाग. गेल्या १२ महिन्यांत इथे त्रास झाला का, त्याने नेहमीचं काम अडलं का, गेल्या ७ दिवसांत झाला का, एवढंच विचारायचं. मला वाटलं, तासाभराचं काम!

पहिली अडचण हाताची. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत. जर्मन माणसाचा 'आर्म' वेगळा आणि 'हांड' वेगळा. पायाचंही तेच. कंबरदुखीला मात्र तिकडे 'क्रॉइत्सश्मेर्त्सन' म्हणतात, शब्दशः क्रुसाचं दुखणं. तेव्हा शब्दाला शब्द ठेवून भागत नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार. गुडघ्यापुढे मी 'टोंगळा' लिहिलं. पुस्तकी मराठी शिकवण्यात जन्म गेला, पण इथे टोंगळाच दुखतो.

त्रासासाठी जर्मनमध्ये शब्द होता 'बेश्वेर्डन'. त्यात 'श्वेर' म्हणजे जड, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ गाऱ्हाणं. मला लगेच सुचलं, 'तक्रार'! आपले डॉक्टरही विचारतातच की, काय तक्रार आहे? अगदी चपखल.

अशा कामात एक रीत असते. मूळ कागद न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर करून घ्यायचं आणि मुळाशी ताडून बघायचं. नातीच्या तिकडच्या मराठी मैत्रिणीने ते करून पाठवलं. 'हात' चुकून 'आर्म' होऊन आला, म्हणून आम्ही 'मनगट आणि पंजा' केलं. 'तक्रार' मात्र जशीच्या तशी 'बेश्वेर्डन' होऊन परत आली. मी खूश.

दुसऱ्या दिवशी आमच्याच बांधीवर गेलो. वीसेक वर्षं आमच्याकडे रोवणीला येणारी एक बाई धुऱ्यावर शिदोरी सोडून बसली होती. नातीने विचारलं, "मावशी, गेल्या बारा महिन्यांत कमरेची काही तक्रार?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "नाही जी. काई तकरार नाई. मी कोनाजवर काई बोलली का?"

मान, खांदे, टोंगळे, सगळीकडे नाहीच. नात रकाने भरत गेली. त्या कागदाप्रमाणे बाईला काहीही होत नव्हतं. कागद संपल्यावर ती उठायला लागली तर उठवेना, एक हात चिखलात टेकून उठली. मी म्हटलं, "अगं, दुखते ना?"

"दुखते त. कमर धरते, रातभर टोंगरे ठणकते. ते अलग. तकरार नाई माझी."

तिची मजुरी मी देते. 'तक्रार आहे का' हे मी तिथे उभी असताना विचारलेलं, आणि तिने ते बरोबरच ऐकलं होतं. माझ्या डोक्यात डॉक्टरची खोली होती, तिच्या डोक्यात मालकीण.

तिथेच 'तक्रार' खोडून 'दुखणं, ठणका, मुंग्या' लिहिलं. बारा महिन्यांऐवजी 'मागच्या रोवणीपासून' विचारलं. आता चित्रावर ती स्वतःच बोट ठेवत गेली: मान, दोन्ही खांदे, कंबर, टोंगळे. दुखण्याने काम थांबलं का, या प्रश्नाला मात्र हसली. "थांबून कसं जमन जी?" तो रकाना 'नाही'च राहिला. जर्मनीत त्याचा अर्थ दुखणं फार नाही असा घेतील, असं नात म्हणाली. तिथे काय लिहावं ते आम्हाला अजून सुचलेलं नाही.

निघताना बाईने विचारलं, "उद्या कोन्या बांधीत येऊ?"