ट्रेडमिलची मोटार, विळीची धार



मागे मी आमच्या घरच्या बेल्ट ग्राइंडरचा फोटो टाकला होता, तेव्हापासून कुणी ना कुणी विचारतंय, "अगं, हे नक्की काय आहे, आणि मुलाच्या हातात दिलंसच कसं?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बेल्ट ग्राइंडर म्हणजे फिरता पॉलिश पेपर. तीन चाकांवरून खरखरीत पट्टा जोरात फिरतो, त्यावर लोखंड धरलं की घासलं जातं. चांगलं मशीन विकत घ्यायचं तर हजारो रियाल. चिरंजीवांना (अकरावी, वय १६) ते हवं होतं. मी म्हटलं, मिळणार नाही. तो म्हणाला, मग बनवतो.

इथे दोह्यात सामान मिळण्याचा हंगाम जून. शाळा सुटल्या की आमच्या अबू हमूरमध्ये 'लीव्हिंग सेल'च्या पोस्ट सुरू होतात. कुणाची नोकरी संपली, कुणी कॅनडाला चाललंय. सोफा, सायकली, आणि हमखास एक ट्रेडमिल, जिच्यावर वर्षभर टॉवेल वाळत असतात. माझ्या भाषेत सांगायचं तर घसारा पूर्ण, वापर शून्य. १२० रियालला उचलली. आतली डीसी मोटार आणि वेग कमी-जास्त करणारा बोर्ड दोन्ही ठणठणीत होते. चौकोनी पाइप आणि ताणासाठी स्प्रिंग इंडस्ट्रियल एरियातल्या भंगारातून आणली, बेअरिंगं नवीन घेतली. एकूण खर्च ४२० रियाल, त्यात ९० पट्ट्यांचे. हिशोब त्यानेच एक्सेलमध्ये ठेवला, मी फक्त ऑडिट केलं.

खरी अडचण पुढे आली. मोटारीवरचं जड फ्लायव्हील निघेचना. दोन संध्याकाळी पान्याशी झटापट झाली, व्हिडिओ बघून झाले. शेवटी मी म्हटलं, आजोबांना विचार.

माझे सासरे मिरजेच्या एमआयडीसीत टर्नर होते, ३४ वर्षं. सासूबाई गेल्यापासून त्यांचा फोन म्हणजे "जेवलास का? अभ्यास कसाय?" आणि मग दोन्हीकडे शांतता. त्या दिवशी त्यांनी कॅमेरा मोटारीजवळ न्यायला लावला आणि विचारलं, "फिरते कुठल्या बाजूला ही?" त्याने दाखवलं. "मग डावे आटे असणार रे तिला. तू सोडवत नाहीयेस, आवळतोयस." उलट्या बाजूला जोर दिला आणि फ्लायव्हील सुटलं. असे आटे का, तर फिरताना चाक आपोआप घट्ट होत राहावं म्हणून. आणि म्हणूनच ती मोटार उलटी फिरवायची नाही, चाक सुटून अंगावर येईल, हेही तेव्हाच कळलं.

त्यानंतर रोज इथले सहा, तिकडचे साडेआठ. पट्टा चाकावरून सरकतो का, यावर एक अख्खा आठवडा गेला. उपाय असा की चाक सपाट नको, मधे किंचित पोट हवं. पट्टा आपणहून उंचवट्याकडे चढतो आणि तिथेच राहतो. इथल्या लेथवाल्याला तो फुगवटा समजावताना चिरंजीवांचं हिंदी पणाला लागलं. चाक तयार होईपर्यंत आजोबांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगून घेतली. बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी. मला पाठ आहे ती, त्याने पहिल्यांदाच ऐकली.

मंडळी, या मुलाला मी चार वर्षं शनिवारी मराठीच्या वर्गाला पाठवलं. अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांपलीकडे गाडी सरकली नाही. आता तो घरात आटे, कानस, पाना, वायसर असले शब्द सहज बोलतो, कारण आजोबांना इंग्रजी नावं सांगून काही उपयोग नाही. त्याला हवी ती माहिती मराठीतच ठेवलेली होती. वर्गाला नावं ठेवत नाहीये, पण फरक मला दिसतोय.

आता 'हातात दिलंसच कसं' याबद्दल. मोटारीचे चार हजार फेरे आणि १०० मिलिमीटरचं चाक धरलं तर पट्टा सेकंदाला २१ मीटर पळतो. बोट लागलं तर काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे माझ्या अटी लेखी आहेत. पहिली, मेकर-चेकर: घरात मोठं माणूस शेजारी उभं नसेल तर प्लग लावायचा नाही. चष्मा आणि मास्क हवाच. हातमोजे नाहीत (पट्टा मोज्यासकट हात ओढतो, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं), सैल बाह्या नाहीत. लाल स्टॉप बटण गुडघ्याने दाबता येईल अशा जागी. लाकूड आणि लोखंड एका दिवशी नाही, लाकडाच्या भुशात ठिणगी पडली की आग. वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडूनच. त्या बोर्डात प्लग काढल्यावरही वीज साठून राहते. मोटारीवर झाकण, नाहीतर लोखंडाची भुकटी आत जाते. शुक्रवारी सकाळी आवाज बंद, शेजारी झोपतात.

पहिलं काम आलं सासूबाईंच्या विळीचं. मी ती लग्नानंतर बॅगेतून आणलेली, पातं बोथट होऊन पडलेली. लहानपणी मिरजेच्या गल्लीत शिकलगार सायकलवर चाक घेऊन यायचा. इथे कोण येणार? आजोबा कॉलवर होते. "सावकाश. वेग कमी. दोनदा फिरवलं की पाण्यात बुडव. पातं निळं पडलं तर पाणी उतरलं समज, मग धार टिकणार नाही." पाऊण तास लागला. त्याने पहिल्यांदा कांदा चिरला. आजोबा म्हणाले, "आवाज ऐकव." फोन विळीजवळ धरला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हां. तिचीच आहे."

आता कंपाउंडमधल्या सगळ्यांच्या सुऱ्या येतात. फी नाही, केक चालतो.

पुढच्या वर्षी बारावी, मग तो जाणार, बहुतेक पुण्याला. मशीन त्याने पूर्ण नट-बोल्टवर केलंय, वेल्डिंग कुठेही नाही. परवा बघते तर मोटार आणि तीन चाकं बॅगा मोजायच्या काट्याला लटकवलेली. ९ किलो भरली. सांगाडा मिरजेत आजोबा करून ठेवणार, असं दोघांचं ठरलंय म्हणे. मला अजून कुणी विचारलेलं नाही.