लेबल कशावर, कुठे आणि केव्हा?

कुडाळला आमचं लेबल छापायचं छोटं काम आहे. गिऱ्हाईक बहुतेक घरगुती उद्योगवाले: कोकम आगळ, आंब्याचा रस, लोणची, काजूगर. डिझाइनवर ते तासभर बोलतात, पण गमबद्दल सहसा कुणी विचारत नाही. म्हणून मीच आधी विचारतो: लेबल कशावर लागणार, माल कुठे राहणार आणि तुम्ही लेबल लावणार केव्हा?

यातलं 'केव्हा' किती मोलाचं आहे, ते एका बचत गटाकडे गेलो तेव्हा नीट उमगलं. रसाचे डबे फ्रीजरला ठेवायचे आणि ऑर्डर आली की बाहेर काढून लेबल लावायचं, अशी त्यांची पद्धत. "भाऊ, डबा उचलला की लेबल हातात येतं," गटाच्या काकू म्हणाल्या. मी एक डबा पुसला, तर बघता बघता त्यावर पुन्हा बारीक थेंब धरले. लेबल सोलून पाहिलं. मागचा गम जसाच्या तसा होता, डब्यावर त्याची खूणसुद्धा नव्हती. म्हणजे गम लागलाच नव्हता.

गम धरायला आधी तो पृष्ठभागावर पसरावा लागतो. साधा ॲक्रिलिक गम गारठ्यात कडक होतो, पसरत नाही. त्यात मध्ये पाण्याचा थर. शिवाय डबा एचडीपीईचा. काचेवर गम जसा पसरतो तसा या प्लास्टिकवर पसरत नाही.

काकूंपुढे दोन वाटा होत्या. गार डब्यावरच लावायचं तर खास फ्रीजरसाठीचा गम घ्यायचा, तो महाग. नाहीतर कोरड्या, रिकाम्या डब्याला लेबल लावून तळव्याने दाबायचं, दिवसभर राहू द्यायचं आणि मग रस भरायचा; गमची पकड पूर्ण यायला साधारण 24 तास लागतात. त्यांनी दुसरी वाट धरली. कागद ओला होऊन फाटतो म्हणून पीपी फिल्म घेतली, आणि प्लास्टिकला चांगला धरतो म्हणून रबरी गम. आता लेबलं टिकतात.

पण म्हणून रबरी गम सरसकट घेऊ नये. तो उन्हात पिवळा पडतो, तेलाने सैल होतो. लोणच्याच्या बरणीला ॲक्रिलिक बरा, पण बरणीवरचा तेलाचा हात आधी स्वच्छ पुसायलाच हवा. सरबताच्या काचेच्या बाटल्या परत घेऊन धुणार असाल, तर पाण्याने सुटणारा गम मागा.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. एफएसएसएआयच्या 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार लेबल डब्यापासून सुटता कामा नये. ते गळून पडलं की परवाना क्रमांक, बॅच, तारीख, घटक सगळंच जातं, आणि आत काय आहे हे खाणाऱ्याला कळायचा मार्ग उरत नाही. तेव्हा पूर्ण रोल सांगण्याआधी छापणाऱ्याकडून चार नमुने मागून घ्या. ते तुमच्याच डब्याला, तुमच्याच पद्धतीने लावा, तुमच्याच फ्रीजरमध्ये ठेवा, आणि मगच ऑर्डर द्या.