तेंदूचा भाऊबंद

वडील चेंबूरच्या गोल्फ क्लबवर कॅडी होते. त्यांच्यामागे दोन जुन्या काठ्या उरल्या: पिंगचा पटर आणि लाकडी डोक्याचा ड्रायव्हर. कार्स्टन सोल्हाइम यांनी १९५९ साली घडविलेला पहिला पटर चेंडूला लागताच 'पिंग' असा नाद करी. तेच नाव पुढे जगभर गाजले. आमच्या पटरलाही संग्राहकांकडून मागणी आली. ड्रायव्हरला कोणी विचारीना. १९७९ मध्ये टेलरमेडने धातूचे डोके आणल्यावर लाकूड मागे पडले होते.

हे लाकूड अमेरिकेतील पर्सिमनचे. गडचिरोलीत नोकरीस आल्यावर कळले, पर्सिमन आणि आपला तेंदू एकाच वंशातले, डायोस्पायरॉस! मे महिन्यात येथे पहाटेच्या मिस्सेला बाके रिकामी दिसतात. माणसे तेंदूपत्ता तोडायला रानात गेलेली असतात.

पटर देऊन टाकला. ड्रायव्हर मात्र देववला नाही.