दांडा नसलेला हापसा

जूनमध्ये आई आमच्याकडे लंडनला आली ती बॅगेत काढ्याच्या चार बाटल्या घेऊनच. मधुमेहाच्या गोळ्या तिने दीड महिन्यापूर्वी परस्पर बंद केल्या होत्या. "साखर दोनशे वीसची दीडशेवर आली. आणखी काय पुरावा हवा तुला?" शेजारच्या काकूंनाही गुण आला होता म्हणे. दोनदा वाद घातला, मग गप्प बसलो.

एका शनिवारी ऑक्सफर्ड सर्कसची खरेदी आटोपून तिला मागच्या ब्रॉडविक स्ट्रीटवर नेलं. तिथे 'जॉन स्नो' नावाच्या पबजवळ एक हापसा उभा आहे. त्याला दांडा नाही.

"मोडकाच ठेवलाय होय?"

मी गोष्ट सांगितली. १८५४च्या ऑगस्टअखेर या वस्तीत कॉलरा आला. ("पटकी म्हण की! आमच्याकडे मरीआईचा गाडा काढायचे.") दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसं गेली. हा रोग घाणेरड्या हवेतून येतो, असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. डॉ. स्नोंचा संशय इथल्या पाण्यावर होता. ८ सप्टेंबरला त्यांनी दांडा काढायला लावला आणि साथ संपली.

"बघ! माझंही तसंच. काढा घेतला, साखर उतरली."

इथे मी अडकलो. कारण साथ त्याआधीच ओसरू लागली होती. लोक घरं सोडून पळाले होते. खुद्द स्नोंनीच तसं लिहून ठेवलंय.

"मग पाण्यानेच झालं, हे कशावरून?" आईने वकिलासारखं विचारलं.

हॅम्पस्टेडच्या एका विधवा बाईवरून. ती पूर्वी या गल्लीत राहायची. पाण्याची चव आवडायची म्हणून रोज गाडीवरून बाटली मागवायची. इथली हवा काही तिच्यापर्यंत पोचत नव्हती, पाणी पोचत होतं. ती गेली, आणि ते पाणी प्यायलेली तिची इस्लिंग्टनची भाचीही. उलट याच गल्लीतल्या दारूभट्टीचे सत्तरेक कामगार याच हवेत असून वाचले. ते बिअर प्यायचे, नाहीतर भट्टीच्या विहिरीचं पाणी.

"आणि पाणी पिऊनही धडधाकट राहिलेले?"

तेही होते. हेन्री व्हाइटहेड नावाचा इथला पाद्री स्नोंना खोटं पाडायला म्हणून घरोघर फिरला. पाणी पिणारे, न पिणारे, आजारी, बरे, सगळ्यांची त्याने मोजदाद केली आणि शेवटी स्नोंच्याच बाजूचा झाला.

आई काही बोलली नाही. बसमध्ये बऱ्याच वेळाने म्हणाली, "काढा सुरू केला तेव्हाच मी चहातली साखर सोडली. काकूंनीही. त्या तर गोळ्याही घेतात."

घरी पोचल्यावर तिने सांगलीच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते.

"मग उद्या सकाळी लाव. गोळ्या बंद केल्याचं मीच सांगते, रागावतील ते."

काढ्याची बाटली मात्र अजून फ्रीजमध्येच आहे.